बैठकीतलं इंजिन

विनायक गेल्याचा फोन कारखान्यात आला तेव्हा मी पाळी संपवून बाहेर स्कूटरला किका मारत होतो आणि ती चालू व्हायचं नाव घेत नव्हती. हजेरीच्या खिडकीवरचे पांडेजी धावत आले. म्हणाले, "सदाशिवजी, आपके गुरुजी नहीं रहे. घाट से नहाकर आए, बैठे, और बस..." पन्नास वर्षांचा शेजार, पन्नास वर्षांची मैत्री. अशा वेळी माणसाच्या मनात काय यावं? माझ्या मनात आलं, आता त्याची गाडी कोण चालवणार? डोळ्यांत पाणी आलं ते त्यानंतर. हे लिहिताना लाज वाटते, पण त्याला जाऊन सहा आठवडे झाले, आणि एवढ्यात गोड गोड लिहिण्याचे चार प्रयत्न मी फाडून टाकले आहेत. तेव्हा आधीच सांगून टाकतो. विनूवर माझं प्रेम होतं आणि मी जन्मभर त्याचा हेवा केला.

काशीत मंगला गौरीच्या देवळाच्या आसपास आमच्यासारखी मराठी घरं कित्येक पिढ्या राहतात. विनूचं घर आणि आमचं घर यांची भिंत एकच. माझे वडील, अण्णा, क्षेत्रोपाध्ये. सागर, जबलपूरकडचे मराठी यजमान काशीला आले की आमच्याकडे उतरत, आणि त्यांच्या सात-सात पिढ्यांची नावं अण्णांच्या लाल चोपडीत लिहिलेली असत. मंत्रांची संथा आम्ही दोघांनी अण्णांकडेच घेतली. माझा आवाज फाटका, विनूचा असा की घाटावरून जाणारे नावाडी वल्ही थांबवून ऐकत. अण्णा मला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणायचे, "वाणी असावी तर विनूसारखी." मी मॅट्रिकनंतर रेल्वेच्या इंजिन कारखान्यात चिकटलो आणि अण्णांना ठणकावून सांगितलं, मला तुमची ती चोपडी नको. त्यांनी ती विनूला दिली. नको म्हणालो होतो मीच. तरी तो ती छातीशी धरून आमच्या दारातून बाहेर पडला, तेव्हा माझ्या अंगाचा तिळपापड झाला. एक अक्षर मात्र बोललो नाही.

त्या चोपडीतल्याच सागरच्या एका घराण्यातले वृद्ध डॉक्टर चार-पाच वर्षांपूर्वी वारले. मुलगा क्रियाकर्माला काशीला आला. वडिलांच्या वापरातल्या वस्तू दान द्यायच्या असतात... छत्री, जोडे, अंथरूण, काठी. या भल्या माणसानं डॉक्टरांची गाडीही दिली. मॉरिस मायनर, बटाट्यासारखी गोल, खेडोपाडी रोगी बघत हिंडलेली. मालगाडीतून ती स्टेशनावर उतरली, तेव्हा विनू हातात दर्भ धरून उभा होता आणि शेजारी मी. मला एवढंच दिसत होतं, की चोपडी घरात राहिली असती तर या गाडीपुढे मी उभा असतो. आणि विनूला तर गाडीतलं ओ की ठो कळत नव्हतं! बरं, आमच्या गल्लीत सायकल आणि सांड समोरासमोर आले तर सायकलला मागे सरावं लागतं. गाडी येणार कुठून? ती मैदागिनला एका धर्मशाळेच्या अंगणात ठेवली. इंजिन बंद पडून काही वर्षं झाली होती.

विनूला ते चालू करण्याची घाई, आणि ती हौसेपोटी नव्हती. दानात आलेली वस्तू वापरात राहिली तरच ज्याच्या नावानं दिली त्याला ती पोचते, ही त्याची पक्की श्रद्धा. गाडी अंगणात उभी, म्हणजे डॉक्टर तिकडे पायी चाललेत, असं तो अगदी गंभीरपणे म्हणायचा. धर्मशाळेसमोरच्या इदरीस मिस्त्रीनं इंजिन उतरवलं, आणि दोन वाटा निघाल्या. जुनंच दुरुस्त करायचं, नाहीतर अपघातात चेंबलेल्या एका व्हॅनचं लहानसं नवं इंजिन मिस्त्रीच्या ओळखीत मिळत होतं, ते बसवायचं. विनू मला घेऊन गेला. म्हणाला, "सदा, तू जरा नीट देख. मला यातलं काही समजत नाही. दुसरं इंजिन टाकलं तर डॉक्टरांना पोचेल का, हा सवाल आहे रे. पण तू म्हणशील तेच फायनल."

मी बाह्या सरसावून उकिडवा बसलो. पाच मिनिटं लागली. सिलिंडर झिजले होते, पण ते नीट करता येतात. खरी भीती तड्याची होती, आणि तडा बाहेरच्या बाजूला, पाणी खेळतं त्या कप्प्यावर, वीतभर. बिडाच्या असल्या तड्याला ओळीनं भोकं पाडून, एकाला एक लागून खिळे बसवत टाके घालता येतात. आमच्या कारखान्यात मी हे काम स्वतःच्या हातानं केलेलं होतं. विनू माझ्या तोंडाकडे बघत होता, लहानपणी अण्णांच्या तोंडाकडे बघायचा तसा. अण्णांचा लाडका तो, चोपडी त्याची, यजमान त्याचे. आता गाडीही सगळीच्या सगळी त्याची, आणि तीही मी माझ्या हातांनी जिवंत करून द्यायची? मी हात पुसले आणि म्हटलं, "हे गेलं. व्हॅनचं बसव." इदरीस काहीतरी बोलायला गेला. विनूनं त्याला हातानं थांबवलं. "सदा बोलला ना? बस." तो हात माझ्यावरच्या विश्वासापोटी वर झाला असं मी समजलो, आणि मनातल्या मनात थोडा फुगलोसुद्धा.

नवं इंजिन आठ दिवसांत बसलं आणि गाडी गुणगुणत चालू लागली. विनू चालवायला शिकला आणि दर सोमवारी तिच्यातून सारनाथपर्यंत जाऊन यायचा, धोतर आवरत, उपरणं वाऱ्यावर. मी स्कूटरवरून दिसलो की भोंगा वाजवायचा, आणि मी न ऐकल्यासारखं करून स्कूटर पुढे काढायचो. पण उतरल्यावर बॉनेटवर हात ठेवून तो क्षणभर उभा राहायचा. "पोचतंय का नाही, कोण जाणे," असं एकदोनदा पुटपुटताना मी ऐकलं आहे. ऐकून बरं वाटलं होतं, हेही लिहून ठेवतो.

जुनं इंजिन भंगारात जायला हवं होतं, पण दानातली वस्तू विकायची नाही, टाकायची नाही. शेवटी चार हमालांनी ते बांबूला बांधून गल्लीतून विनूच्या घरी आणलं. लोकांनी घाटाकडे निघालेलं प्रेत समजून सवयीनं भिंतीला लागून वाट दिली, कुणी हातही जोडले... बैठकीत खिडकीखाली ते ठेवलं, वर पाट घातला, पाटावर चादर. आणि मी गेलो की विनू मला हटकून त्यावरच बसवायचा. "ये, बस. तुझीच गादी आहे ती." वहिनी चहा आणायच्या, मी इंजिनावर बसून प्यायचो. चार वर्षं.

तेरावा झाल्यावर कुसुमवहिनींनी मला बोलावून घेतलं. छत्री, जोडे, अंथरूण सगळं दिलं गेलं होतं. वहिनींनी इंजिनावरची चादर काढली, पाट काढला. म्हणाल्या, "भावजी, एवढं राहिलंय. हे तुम्ही घ्या, ह्यांच्या नावानं."

मी म्हटलं, "वहिनी, मी कसलं दान घेणार? मी तर ते सगळं सोडून बसलोय. आणि हे बिघडलेलं..."

"बिघडलेलं नाहीये," त्या शांतपणे म्हणाल्या. "टाके पडतात त्याला. मिस्त्रीनं पहिल्याच दिवशी ह्यांना सांगितलं होतं, तुम्हाला न्यायच्या आधी."

मी म्हटलं, मग कशाला विचारलं मला? वहिनी म्हणाल्या, "मी पण तेच विचारलं. डॉक्टरांचं काय, म्हटलं. तर म्हणाले, सदाच्या घरातली चोपडी मी उचलून आणली, तेव्हा तो एक शब्द बोलला नाही. त्यानं ठीक कर म्हटलं असतं तर ठीक करणार होतो. नाही म्हटला. एवढं तरी त्याच्या मनासारखं होऊ दे."

म्हणजे चार वर्षं हा माणूस सगळं माहीत असून मला त्या इंजिनावर बसवत होता, आणि चहा पाजत होता. स्वतःची श्रद्धा त्यानं अर्धी सोडली, एका यजमानाला तिकडे पायी चालू दिलं, कशासाठी, तर माझी जळजळ थोडी निवावी म्हणून. मला वाटलं होतं, आयुष्यात एकदा तरी मी त्याच्यावर कडी केली. वहिनींनी दानाचं पळीभर पाणी माझ्या हातावर सोडलं. हात मागे घेता आला नाही.

इदरीसला जाऊन विचारलं. तो म्हणाला, "हम तो पहिले ही दिन बोले थे, टाँका लग जाएगा. गुरुजी मना कर दिए." मी म्हटलं, मालूम है.

इंजिन अजून त्याच बैठकीत आहे. रोज पाळी सुटली की मी हत्यारांची पिशवी घेऊन जातो आणि जमिनीवर बसतो. वीतभर तड्यातला चार बोटं तडा शिवून झाला आहे. वहिनी सवयीनं चहा इंजिनावर ठेवतात, मी उचलून खाली ठेवतो. पूर्ण झालं की ते गाडीत बसवीन, मग डॉक्टरांनाही त्यांची गाडी मिळेल. पण पहिल्यांदा चालू होईल तेव्हा ते माझ्यासाठी नसेल. दान विनूच्या नावानं आहे, पोचणार ते विनूला. मी इथे किल्ली फिरवणार, आणि तिकडे ऐटीत बसून निघणार तो... विनू, खरं सांगतो, याचाही मला हेवा वाटतो.