गायकवाड सर, जेवण कसं वाटलं?

चार माणसं एका स्टाफरूममध्ये दहा वर्षं काढतात, तेव्हा पगार वाढो न वाढो, किस्से मात्र साठत जातात. राजूरच्या आमच्या हायस्कूलातले निम्मे किस्से एकट्या गायकवाडचे. विज्ञान शिकवायचा. माणूस सोनं, पण खोटं म्हणून बोलता येत नाही!

पहिली मुलगी बघायला गेला, तर मुलीच्या आईनं विचारलं, "पोहे कसे झालेत?" हा म्हणाला, "खारट." दुसऱ्या ठिकाणी चहाला म्हणाला, "अजून उकळायला हवा होता." दोन्ही स्थळं गेली. वय झालं बत्तीस. त्याची आई माझ्याकडे येऊन रडली. "सर, याचं तोंड तेवढं सांभाळा!"

*

ब्याण्णव-त्र्याण्णवची गोष्ट. तिसरं स्थळ नगरचं, मुलगी सुजाता, नर्स. मी, पीटीचे साबळे आणि क्लार्क बांबळे असे तिघं त्याच्याबरोबर जीपनं निघालो. बांबळेनं वाटेत त्याची शिकवणीच घेतली.

"'छान झालंय' एवढंच म्हनायचं. दुसरं काय बी न्हाई. म्हन!"

संगमनेर येईपर्यंत गायकवाडचं पाठ झालं.

*

मुलीचा भाऊ दुबईत लेबनानी हॉटेलात काम करून आलेला. सावेडीत त्यानं तसंच हॉटेल टाकलं होतं आणि बघण्याचा कार्यक्रमही तिथंच ठेवला होता. पिठल्यासारखं काहीतरी आलं. साबळेंनी भुकेपोटी चार पळ्या वाढून घेतल्या. गार! मिरची नाही, फोडणी नाही!

"हमस. काबुली चणे वाटून करतात," भाऊ कौतुकानं म्हणाला. "कसंय?"

"एक नंबर!" साबळे म्हणाले. भावानं लगेच आणखी दोन पळ्या वाढल्या. साबळेंचा चेहरा बघवेना.

*

माझा विषय भूगोल. 'भूमध्य सागरी प्रदेशात ऑलिव्हची लागवड होते' हे मी पंधरा वर्षं मुलांना लिहून देत होतो. ते ऑलिव्ह त्या दिवशी पहिल्यांदा तोंडात टाकलं. कडू आणि खारट! मनातल्या मनात पंधरा वर्षांच्या सगळ्या बॅचेसची माफी मागितली!

*

सुजाता मघापासून सगळं बघत होती. शेवटी तिनं थेट विचारलं, "गायकवाड सर, जेवण कसं वाटलं?"

बांबळेनं टेबलाखालून त्याचा पाय दाबला.

"छान..." गायकवाड म्हणाला. त्याला घाम फुटला. "पोट भरलं नाही."

भावाचा हात पळीसकट थांबला. गायकवाडच्या आईला आता काय तोंड दाखवायचं, एवढंच माझ्या मनात आलं.

सुजाता भावाकडे वळली. "ऐकलंस, दादा? सहा महिने मी हेच सांगतेय, तर मलाच वेड्यात काढतोस!" मग आमच्याकडे बघून म्हणाली, "घर मागच्याच गल्लीत आहे. चला, भाकरी टाकते."

इतकं हायसं मला माझ्या स्वतःच्या लग्नातही वाटलं नव्हतं. गायकवाडनं त्या दिवशी चार भाकरी खाल्ल्या. महिन्याभरात विहारात लग्न लागलं.

*

लग्नानंतर त्या दोघांनी आम्हा तिघांना जेवायला बोलावलं. आमटीचा पहिला घास घेतला आणि आम्ही एकमेकांकडे बघितलं. मिठाचा कणही नव्हता!

"आमटी कशी झालीय?" सुजाता वहिनींनी गायकवाडला विचारलं.



"छान झालीय," गायकवाड म्हणाला. एका दमात!

वहिनींनी मिठाची बरणी त्याच्यासमोर ठेवली.

"मीठ मी मुद्दाम घातलं नव्हतं," त्या म्हणाल्या, आणि एकेक करून आम्हा तिघांकडे बघत विचारलं, "यांना खोटं बोलायला कुणी शिकवलं?"