घोडेगाव नावाचा कॉम्प्युटर

कोपरगावकडच्या साखर कारखान्यात कामाला आहे म्हटलं की लोक साखरेचं विचारतात. कॉम्प्युटर विभागाचं कुणी विचारत नाही. म्हणून आमचे किस्से पोत्यानं साचून राहिलेत.

आमचे सीनियर शेळके नाना. वजनकाट्याचा कॉम्प्युटर त्यांच्या ताब्यात. त्यावर त्यांनी कागद चिकटवलेला: 'मोळी पडल्यापासून पट्टा पडेपर्यंत अपग्रेड करू नये.' म्हणजे अख्खा गळीत हंगाम! रोज सकाळी स्क्रीनवर अपग्रेडची आठवण यायची. नाना चक्क हात जोडायचे, "पट्टा पडला की बघू, बाबा."

* * *

एकदा नाना लग्नाला सोनईला गेले आणि मला हुशारी सुचली. मी छपाईचं पॅकेज अपग्रेड केलं. ते म्हणालं, मला नवी लायब्ररी, म्हणजे प्रोग्रामांना लागणाऱ्या तयार कोडचा गठ्ठा, लागते. मी 'हो' दाबलं. जुनी लायब्ररी उडाली आणि काट्याचा प्रोग्राम नेमका तिच्याच जिवावर चालत होता.

वजनाची पावती बंद. पावतीशिवाय ऊस उतरत नाही. बैलगाड्यांची रांग फाटकाबाहेर गेली, भर उन्हात बैल जुवाखाली उभे. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पाथर्डीकडून ऊसतोडीला आलेली पारूबाई गाडी सोडून खिडकीशी आली. "काय झालं, सायेब?"

"मावशी, एक नवीन घातलं, तर जुनं त्याच्याबरोबर चालेना."

"मंग न बघता जुपलंच कशाला? आमी घोडेगावच्या बाजारात बैल घ्यायला जाताना घरचा बैल संगं नेतो. दोघं चार पावलं नीट चालली तरच नवा घ्यायचा." एवढं बोलून ती बैलांना पाणी पाजायला गेली.

माझा फोन गेला आणि नाना लग्नातून तसेच आले. जुनी लायब्ररी परत बसवली, पहिली पावती पारूबाईच्या हातात दिली. मला म्हणाले, "जेवला का?" रागावले असते तर बरं वाटलं असतं.

* * *

पारूबाईचं बोलणं मी नानांना सांगितलं. त्यांनी स्टोअरमधून एक जुना कॉम्प्युटर आणला, त्यात काट्याचं सगळं जसंच्या तसं बसवलं आणि त्याचं नाव ठेवलं घोडेगाव. तेव्हापासून कुठलंही पॅकेज आधी घोडेगावला.

सॉफ्टवेअर कंपनीचा इंजिनिअर फोनवर वैतागला, "अहो, दहा मिनिटांचं काम आहे."

नाना म्हणाले, "काम दहा मिन्टाचंच हाय. पन रांग दिवसभराची व्हते."

* * *

नानांची रिटायरमेंट जवळ आली तसा मला घोर लागला. कुठलं पॅकेज कशावर अवलंबून, हे सगळं नानांच्या डोक्यात. त्यांच्या जागी अश्विनी आली, कॉलेजातून नुकतीच बाहेर पडलेली. पट्टा पडल्यावर नानांनी तिला बसवून एक वही लिहून घेतली. डावीकडे पॅकेज, उजवीकडे 'याच्याशिवाय याचं पान हलत नाही'. मग दोघांनी घोडेगाववर तपासून सगळं अपग्रेड केलं. नानांना नारळ, शाल मिळाली. मला भाषण करायला लावलं, ते मला जमलं नाही.

नव्या हंगामाचा पहिला दिवस. अश्विनी वही उघडून काट्याच्या कॉम्प्युटरसमोर बसली. फाटकात नाना, हातात डबा.

वॉचमन म्हणाला, "नाना, तुमी तर रिटायर झाले ना?"

"झालो की."

नानांनी तिच्या शेजारी स्टूल ओढलं. मी म्हणालो, "नाना, अजून भरवसा नाही का?"

"भरवसा हाय. चार पावलं संगं चालू दे."

चार दिवस नाना येऊन बसले. कीबोर्डला बोट लावलं नाही. पाचव्या दिवशी स्टूल रिकामं होतं, आणि पावत्या निघत होत्या.