तिच्या चित्राखालचं नाव

नागभीडपासून दोन कोसांवर, तलावाच्या पाळीला लागून असलेल्या एका गावात मी तीन वर्षं मास्तर होतो. एकोणीसशे पन्नासनंतरची ती वर्षं. तेव्हा मी बावीस वर्षांचा होतो, आता पन्नाशी जवळ आली. ही गोष्ट मी पुष्कळांना सांगितली आहे, पण नेहमी अर्धीच.

पहिलं अर्ध सांगण्यासारखंच आहे. तलावात जाळं टाकणाऱ्या, पाळीवरच्या एका घरात नऊ वर्षांची मुलगी होती, जन्मापासून बहिरी, म्हणून मुकी. धान कापायला जाताना तिची आई तिला शाळेच्या ओट्यावर बसवून जायची. "बसू द्या इथी, गुरुजी. पाण्याकडं गेली तं हाक मारून काय उपेग? आयकूच येत नाई तिले."

एकदा तिनं ओट्यावर कोळशानं मरळ काढली. नुसता मासा नव्हे, मरळच. बहिऱ्या मुलांना कसं शिकवतात हे मला कोणी शिकवलं नव्हतं. ट्रेनिंगला असताना चित्रकला आणि मातीकाम शिकलो होतो, तेही शनिवारचा विरंगुळा म्हणून. तेवढंच हाताशी होतं. ती चित्र काढायची, मी खाली शब्द लिहायचो. मग तलावाच्या मातीची वळी करून मी अक्षरं घडवायचो आणि तिचं बोट त्यांवरून फिरवायचो. चुकलं तर मी मान हलवायची, जमलं तर डोलवायची, एवढीच आमची भाषा. सुरुवातीला अक्षरं म्हणजे माशाची सावली असं तिला वाटत असावं. ती प्रत्येक माशाखाली तीच गिरवायची. तिसऱ्या महिन्यात मी नुसता 'जाळं' हा शब्द मातीत मांडला, चित्राशिवाय. तिनं बराच वेळ पाहिलं आणि शेजारी जाळं काढलं. मला वर्गाबाहेर जाऊन उभं राहावं लागलं.

मग तिचं नाव शिकवलं. तीन अक्षरं. मातीतल्या अक्षरांवर तिचा एक हात ठेवला, दुसरा तिच्याच छातीवर. त्यानंतर ते नाव ओट्यावर, घराच्या भिंतीवर, पाळीच्या चिखलात, सगळीकडे दिसू लागलं. आई हसून म्हणाली, "आता माश्याच्या पाठीवर लिहायचं तेवढं राह्यलं."

इथवर मी सांगत आलो.

चांद्याला, जिल्ह्याच्या गावी, शाळांच्या हस्तकलेचं प्रदर्शन भरणार होतं. तिनं गेरू, चुना आणि पळसाच्या फुलांचा रंग घेऊन तलाव काढला, पण पाण्याखालून पाहिलेला. वरून उतरलेलं जाळं, माणसांचे नुसते पाय, एका पायात आईचं कडं. शाळेचे मोठे गुरुजी चित्र पाहून म्हणाले, "चित्र झकास आहे. पण तिचं नाव हजेरीपटावर कुठी आहे? मालगुजारांच्या नातीचं टाका. शाळेची जागा त्यांनीच दिली. आणि मुकीचं नाव जूनमध्ये घालू ना पटावर, माझा शब्द."

जमीनदारी संपवणाऱ्या कायद्यानं मालगुजारी गेली होती, मालगुजार गेले नव्हते. तिचं नाव पटावर यावं म्हणून मी वर्षभर झगडत होतो, तेव्हा हा सौदा मला शहाणपणाचा वाटला. चित्राखालच्या पट्टीवर नातीचं नाव मीच लिहिलं, चांगल्या वळणदार अक्षरात.

चित्राला प्रशस्तिपत्र मिळालं. चित्र परत आलं आणि वर्गात टांगलं गेलं. मालगुजार स्वतः पाहायला आले. ती पुढेच बसली होती. आपलं चित्र पाहून हसली, मग उठून खालच्या पट्टीवरून तिनं बोट फिरवलं. जागेवर आली, पाटीवर आपलं नाव लिहिलं, माझ्यासमोर धरलं आणि चित्राकडे बोट केलं.

मी मान हलवली. मला म्हणायचं होतं, आत्ता नको. पण मान हलवण्याचा अर्थ मीच तिला शिकवला होता. तिनं पाटी पुसली आणि तीच तीन अक्षरं मोठी, नीट काढली. मी पुन्हा मान हलवली. मग तिनं पट्टीवरची अक्षरं एकेक पाहत उतरवून घेतली आणि पाटी वर धरली. मोठे गुरुजी माझ्याकडे बघत होते. मी मान डोलावली.

तिनं मुळीच वाद घातला नाही. आजवर आपण चुकीचं लिहीत होतो, गुरुजींनी सुधारून दिलं, असंच तिला वाटलं असणार. त्या दिवसापासून ती स्वतःला मालगुजाराच्या नातीच्या नावानं लिहू लागली.

आठवड्याभरानं आई आली. "गुरुजी, माहा भाऊ पाहुणा आला होता, त्यानं वाचलं. आमच्या भितीवर हे त्या मोठ्या घरच्या पोरीचं नाव काऊन लिहून राह्यली? तुमी तं म्हणत होते, तिले तिचं नाव येते."

मोठे गुरुजी आतल्या खोलीत होते, दार उघडं होतं. खरं सांगायला दोन वाक्यं पुरली असती.

मी म्हणालो, "बाई, ती नक्कल करते. समोर दिसेल ते उतरवते. समजत नाही तिला."

"आन् आधी लिहत होती ते?"

"तेही तसंच."

ती ओट्यावर बसलेल्या पोरीजवळ गेली. "लोकं म्हणतच होते मले. मी म्हणो, गुरुजी खोटं कायले सांगतीन." मग पोरीचा हात धरून म्हणाली, "जाऊ द्या. तुमी लय मेहनत केली तिच्यापाठी."

दुसऱ्या दिवशी ओटा रिकामा होता. मी बोलवायला गेलो नाही.

जूनमध्ये मोठ्या गुरुजींना त्यांच्या शब्दाची आठवण दिली. "पण ते पोरगी येतेच कुठी आता?" ते म्हणाले. मला त्यांनी फसवलं, असं मी कित्येक वर्षं मनाशी घोकलं. त्यांनी नुसता शब्द मोडला होता. ती शिकू शकत नाही, हे तिच्या आईला मी सांगितलं होतं. आणि माझं तिनं खरं मानलं.

बदली मीच मागून घेतली. तिचं नाव तिला परत द्यायला एक दुपार पुरली असती. निघण्याच्या दिवशी तेवढा वेळही होता. मी गाडीवानाला तलावाच्या दुसऱ्या अंगानं गाडी घ्यायला सांगितली.