नानांच्या फळीवरचा पेला

भुताखेतांच्या गोष्टी ऐकताना मला आजवर फक्त झोप आलीय, भीती कधीच नाही. आणि मी थापाड्या आहे असं अख्खं चोपडा गाव म्हणतं, तुम्हीही म्हणा... पण हे घडलंय.

केळीच्या बागेतल्या चिखलात पोट घासतं म्हणून मी माझी पिकअप उंच करून घेतली – मागच्या स्प्रिंगच्या पाट्यांखाली ठोकळे टाकून. दिसायला नुसता हत्ती! पण पंचावन्नच्या वर गेली की मागची चाकं फिरवणारा खालचा शाफ्ट असा थरथरायचा की माझी अक्कलदाढ हलायची. केळीचा माल पोचेपर्यंत काळाठिक्कर. माल घेणारे शेठ म्हणाले, "भाऊ, केळी आणली की शिकरण? अजून एक खेप अशी आली, की मी दुसरी गाडी लावणार."

शाफ्ट बॅलन्स केला, त्याच्या सांध्यातले क्रॉस बदलले, टायर बदलले... शून्य. शेवटी गाठले दोन तासांवरच्या दोंडाईच्याचे नाना मिस्तरी.

नाना गाडीखाली वाकलेसुद्धा नाहीत. स्टीलचा पेला पाण्याने काठोकाठ भरला, तो हातात धरून माझ्या शेजारी बसले. "चालाड." पंचावन्नला पाणी नाचायला लागलं. नाना बघतायत – डॉक्टर एक्स-रे बघतो तसे!

"गाडी उच्ची करी, पन शाफ्टले इचारं का?"

उंचीमुळे शाफ्टच्या दोन्ही टोकांचे कोन बिघडले होते. नानांनी लोखंडाची एक पाचर कानशीने घासली, पाटा आणि अ‍ॅक्सलच्या मध्ये बसवली. पट्टी नाही, मोजमाप नाही, फक्त अंगठा! परत चक्कर मारली. ऐंशीला पाण्यावर सुरकुती नाही. असा माणूस परदेशात असता तर चौकात पुतळा असता.

"नाना, थरथर गेली कुठे?"

त्यांनी भरलेला पेला तसाच गॅरेजातल्या फळीवर ठेवला. "गयी नही. आठे शे, बठ्ठी."

म्हणे सगळी इथेच आहे, पेल्यात! मी हसलो.

दुसऱ्या दिवशी माल शेठकडे पोचला, एकाही केळ्याला डाग नाही. खुशीत रिकामी गाडी ऐंशीला पिटाळली. फोन वाजला. गाडी बाजूला घेऊन उचलला, तर दोंडाईच्याहून नाना कडाडले, "धीरे चालाड रे! पानी सांडी ऱ्हायनं!"

मेव्हणा म्हणाला, म्हाताऱ्याने अंदाजाने फेकलं. मग त्यालाच दोंडाईच्याला नानांच्या फळीसमोर बसवलं, फोन चालू ठेवून. इकडे चोपड्यात मी शेजाऱ्याला गाडी चालवायला लावली. साठ... तिकडून मेव्हणा किंचाळला, "दाजी, हलतोय!" चाळीस... "थांबला!" तीनदा केलं. तीनदा तेच.

पाचरीचं गणित मला समजलंय. पेल्याचं अजून नाही. पण आता गाडीत केळी असोत-नसोत, मी पन्नासच्या वर जात नाही. फळीवर पेल्याशेजारी नानांचे चष्मे पण असतात ना, थरथरून खाली पडले तर...