खोक्यावरची डेडलिफ्ट

तो खोका नुसता दिसला तरी वहिनींचं डोकं फिरायचं. टायरच्या दुकानावरच्या त्या जिममध्ये, मोठ्या आरशासमोर, वीतभर उंचीचा लाकडी खोका कायमचा मांडलेला. वर काळं रबर ठोकलेलं. मांडला होता त्यांच्या धाकट्या दिराने, म्हणजे जिमच्या मालकांनी. त्यांचा नियम असा की डेडलिफ्ट, म्हणजे वाकून वजनाचा बार उचलायचा व्यायाम, करताना खोक्यावर उभं राहायचं, पाय ताठ ठेवायचे आणि बार पायाच्या बोटांच्याही खाली न्यायचा. ज्याला जमेल त्याचं नाव भिंतीवरच्या फळ्यावर. त्या फळ्यापायी चांगली शिकलीसवरलेली माणसं पाठीची कमान करून वाकायची आणि भावजी कौतुकाने मोबाइलवर शूटिंग करायचे.

"भावजी, हा व्यायाम मांडीच्या मागच्या स्नायूचा आहे. जमिनीवर सांडलेले शेंगदाणे वेचायचा नाही," वहिनी म्हणायच्या.

"वहिनी, लोकांना काहीतरी गाठायला लागतं हो."

"मग दवाखाना गाठतील."

वहिनी अठ्ठावन्न वर्षांच्या. बायकांना बारला हात लावू देत नसत तेव्हा त्या वजनं उचलत होत्या. एका स्पर्धेत शेवटच्या खेपेला पाठ गोल झाली आणि मणक्याची गादी सरकली. खेळ तिथेच संपला. नवऱ्याबरोबर ही जिम त्यांनीच उभी केली. नवरा गेला, मालकी दिराकडे आली आणि वहिनी शिकवायला राहिल्या. भावजींमुळे अख्खी जिम त्यांना वहिनीच म्हणायची. पाठीमागे मात्र 'काठी मॅडम'. कारण नवीन माणूस आला की त्या आधी त्याच्या पाठीला काठी लावायच्या. डोकं, खांदे आणि माकडहाड, तिन्हीकडे काठी टेकलेली राहिली पाहिजे. वाकताना एक जरी जागा सुटली तर बार मिळणार नाही, मग तुम्ही कितीही मोठे पैलवान असा.

शिकवण्यात त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं. पण तोंडातून चांगला शब्द निघेल तर शपथ. त्यांना ज्यांनी शिकवलं त्यांनी कधी बरं म्हटलं नव्हतं, आणि त्यामुळेच आपण घडलो, असं त्यांचं ठाम मत.

सहा आठवड्यांपूर्वी अँब्युलन्सवाली आली. पस्तिशीची बाई, बारा वर्षं अँब्युलन्सवर मदतनीस. एका पेशंटला जिन्यावरून उतरवताना तिच्या मांडीमागचा स्नायू दुखावला होता. तेव्हापासून ऑफिसने तिला फोन घ्यायला बसवलं होतं. आता येत्या सोमवारी तिची परीक्षा होती. ऐंशी किलोचा पुतळा स्ट्रेचरवर घालून जोडीदारासोबत दोन मजले उतरवायचा. जमलं तर पुन्हा गाडीवर, नाही जमलं तर निवृत्तीपर्यंत फोनवर.

"लोक फोनवर रडतात आणि मी नुसता पत्ता लिहून घेते," ती पहिल्या दिवशी म्हणाली. "मला तिथे जायचंय, वहिनी."

वहिनी कामाला लागल्या. आधी नुसती काठी. मग रिकामा बार. मग एकेक प्लेट. रोज तेच पाढे. गुडघे सैल, पण बैठक मारायची नाही. कंबर मागे ढकल, मागच्या दाराला धक्का देतेस तशी. बार मांडीला घासत खाली येऊ दे. गुडघ्याच्या जरा खाली मांडी मागून ताणली की थांब. तिथेच तुझी जमीन. वर येताना टाचेत जोर, कंबर पुढे, आणि वर पोचल्यावर मागे रेलायचं नाही.

बाई एकपाठी होती. चौथ्या आठवड्यात तिची पाठ फळीसारखी सपाट राहायला लागली. घरी गेल्यावर वहिनी स्वतःशीच म्हणाल्या, की इतकी स्वच्छ डेडलिफ्ट आपल्याला आयुष्यात जमली नाही. तिला मात्र म्हणाल्या, "मान कुठे चाललीय? खाली बघ."

शनिवारी वहिनींची दाढ काढायची होती. जाताना बजावून गेल्या, "आज फक्त रिकामा बार. दोन सेट. मग घरी जाऊन झोप."

तासाभराने अर्धा गाल बधिर घेऊन त्या जिना चढल्या, तर ही बाई आरशासमोर जमिनीवर, उजवी मांडी दोन्ही हातांनी धरून. तोंड पांढरंफटक. शेजारी खोका. खोक्यापुढे बार, दोन्ही बाजूंना मोठ्या प्लेटा. आणि भावजी हातात मोबाइल घेऊन नुसते उभे.

वहिनींची तळपायाची आग मस्तकात गेली. तोंडात कापूस होता, ओठ हलत नव्हता, शब्द वाकडेतिकडे येत होते, पण एकही वाया गेला नाही.

"लाज वाटत नाही? दोन दिवसांवर परीक्षा आहे तिची. सहा आठवडे मी इथे दगड फोडत होते का? त्या फळ्यासाठी? घ्या, आता फळ्यावर लिहा, एका बाईची नोकरी खाल्ली म्हणून."

"मी जबरदस्ती नाही केली, वहिनी. मी फक्त म्हटलं..."

"तुम्ही फक्त म्हणताच. भोगतं दुसरं."

त्यांनी खोका उचलून भिंतीवर भिरकावला. रबर निघून लोंबायला लागलं. ट्रेडमिलवरचे दोघे पट्टा बंद करून खाली उतरले.

"त्यांना कशाला बोलता?" जमिनीवरून अँब्युलन्सवाली म्हणाली. "मी स्वतः चढले."

वहिनी तिच्याकडे वळल्या. "का? अक्कल गहाण ठेवली होतीस?"

"सर म्हणाले, 'काय सुंदर उचलतेस, चढ की वर.'" तिने घाम पुसला. "सहा आठवड्यांत मला कोणी चांगलं म्हटलं नव्हतं. मला वाटलं, मला अजून येतच नाही. सोमवारी काय होणार, या विचाराने दोन रात्री डोळ्याला डोळा लागला नव्हता. एकदा मोठं वजन उचलून बघावंसं वाटलं, बस."

वहिनींचा राग होता तसाच होता, पण आता तो कोणावर काढायचा हे कळेना.

पायावर भार टाकवत नव्हता. जिमच्या ऑफिसातली लोखंडी खुर्ची आणून तिला बसवलं. जिना अरुंद. खाली वहिनी, वर भावजी. भावजी खुर्चीची पाठ धरायला वाकले, तसेच, कमान करून. बाईने मान वळवून पाहिलं. दुखण्याने डोळ्यांत पाणी होतं, पण आवाज एकदम कामावरचा झाला.

"थांबा, सर. असं उचललंत तर उद्या तुम्हाला असं न्यावं लागेल. गुडघे सैल सोडा. कंबर मागे ढकला, मागच्या दाराला धक्का देता तशी. पाठ सपाट. खुर्ची अंगाजवळ. आता टाचेत जोर द्या आणि कंबर पुढे. वहिनी, तुम्हीही."

भावजींची पाठ सपाट झाली. खुर्ची अलगद उठली. बारा वर्षं वहिनी त्या माणसाला हेच सांगत होत्या, शिव्या घालून. एकेका पायरीला बाई थांबवत होती, श्वास घ्यायला लावत होती, भावजींना "छान, असंच" म्हणत होती, आणि भावजी शाळेतल्या मुलासारखे ऐकत होते.

खाली टायरच्या दुकानापाशी खुर्ची टेकली. भावजी दवाखान्यात न्यायला गाडी बघायला रस्त्यावर गेले. वहिनी धापा टाकत तिच्यासमोर उभ्या राहिल्या.

"तुझ्याइतकं नीट कोणालाच जमलं नाही," त्या म्हणाल्या. "मलासुद्धा नाही. दोन आठवड्यांपूर्वीच दिसलं होतं मला."

बाईने त्यांच्याकडे पाहिलं. तिचा आवाज चढला नाही.

"मग काल का नाही सांगितलंत?"

भावजी गाडी घेऊन आले. वहिनींनी तिला काखेत धरून मागच्या सीटवर बसवलं, तिचा दुखरा पाय दोन्ही हातांनी उचलून आत ठेवला आणि दार लावलं.