चाळीस पौंड, सात पौंड

लढाईच्या काळात लष्करी वर्कशॉपात इंजिनं खोलायला शिकलेला भिकाजी १९५५ पासून मालवणजवळच्या कट्टा गावच्या सत्यवानशेठची मोटर चालवत होता. गाडी जुनी, पण त्याने ती लेकरासारखी जपली होती.

तीन वर्षांनी, भर चैत्रात, इंजिन तापलं की तेलाच्या दाबाचा काटा खाली बसू लागला. तेल मोजायची पट्टी काढून पाहिली, तर तेल पुरेपूर. मीटरच खोटं असेल म्हणून त्याने गाडी मालवणच्या बाबली मेस्त्रीकडे नेली, त्याचं चांगलं मीटर नळी सोडवून जोडलं. थंड इंजिनावर दाब चाळीस पौंड. अर्ध्या तासाने जेमतेम सात. बाबलीही बघत होता.

"शेठ, बेरिंगा झिजली. इंजिन खोलूक होया. तवसर गाडी घाटात घालूची नाय," भिकाजीने परत येऊन सांगितलं.

"आंब्याचो सीझन जाव दे रे," शेठ म्हणाले.

पंधरा दिवसांत शेठची आई, हौसाबाई, छातीत दुखून पडली. कोल्हापूरला न्यायचं ठरलं. भिकाजीने ट्रक बघूया म्हणून विनवलं. शेठ कडाडले, "माझ्या आवशीक ट्रकात घालतलंस?"

फोंडा घाटाच्या मध्यावर इंजिन खडखडलं आणि जाम झालं. दुसरी गाडी मिळेपर्यंत दोन तास गेले. म्हातारीने रस्त्याकडेलाच, भिकाजीने धरलेल्या छत्रीखाली, प्राण सोडला.

दिवसकार्याला जमलेल्या लोकांसमोर शेठ म्हणाले, "ह्येना तेल बघल्यान नाय." भिकाजीने बाबलीकडे पाहिलं. शेठच्या ट्रकांच्या दुरुस्तीचं काम बाबलीकडेच होतं. तो पत्रावळीत मान घालून जेवत राहिला.

पुढे भिकाजीच्या हातात कोणी गाडी दिली नाही. "माणूस मारलेलो ड्रायव्हर," म्हणत. तो काजूच्या कारखान्यात बिया भाजू लागला. चिकाने बोटं सोलवटली. बायको, सुभद्रा, रोज संध्याकाळी त्यांना खोबरेल लावायची आणि शेठच्या नावाने बोटं मोडायची.

पाच वर्षांनी शेठ एकटेच त्याच्या पडवीत आले. नवीन गाडी घेतली होती, भरवशाचा माणूस मिळत नव्हता.

"तू तेव्हा खरा सांगी होतंस, भिकाजी. माका ठाऊक आसा. आता ये परत."

"येतंय. ह्या एवढाच कट्ट्याच्या बाजारात चार माणसांत सांगा."

शेठनी चहा संपवला, चप्पल घातली.

"बघूया," म्हणाले आणि गेले.

सुभद्रा कप उचलायला आली, तेव्हा भिकाजी कारखान्याचे कपडे चढवत होता.