परदेशातून सुटलेलं पाणी

आमच्या शहराचं पाणी परदेशातल्या कुणीतरी सोडलं आणि त्याबद्दल आमच्याच चौकात आभाराचा फ्लेक्स लागला, हे सांगितलं की लोक हसतात. मला हसू येत नाही. त्या फ्लेक्सनं एका माणसाची नोकरी खाल्ली.

दुष्काळाची वर्षं होती. जायकवाडी तळाला गेलेलं आणि शहर मात्र चिकलठाण्याच्या पुढं, हर्सूलच्या पुढं, वाट फुटेल तिकडं वाढत होतं. नळाला आठवड्यातून एकदा पाणी. मी पाण्याच्या नियंत्रण कक्षात कंत्राटावर कॉम्प्युटर सांभाळायचे. कुठल्या भागाचा व्हॉल्व्ह उघडायचा, कुठला बंद करायचा, पाण्यात क्लोरीन किती सोडायचं, सगळं एका स्क्रीनवरून चालायचं. पण ह्या वस्तीला वाटायचं की त्या वस्तीला जास्त पाणी जातं, आणि त्या वस्तीला वाटायचं की ह्या. रोजची भांडणं. त्यावर आमच्या साहेबांनी तोडगा काढला: ज्याला शंका येईल त्याला पासवर्ड देऊन टाकायचा, म्हणजे त्यानं घरबसल्या मोबाइलवर बघावं. नगरसेवकाला दिला, त्याच्या मेव्हण्याला दिला, मेव्हण्यानं आणखी कुणाकुणाला दिला. त्या पासवर्डनं नुसतं बघता येत नाही, व्हॉल्व्हही फिरवता येतो, हे मी घसा कोरडा होईपर्यंत सांगितलं.

"मॅडम, आपल्या पाण्याकडं कोण बघतंय? आपण काय अणुभट्टी चालवतो?" साहेब म्हणाले.

दारावर मात्र दोन पहारेकरी. माझा जेवणाचा डबासुद्धा उघडून बघायचे. मोरीला बोळा आणि दरवाजा मोकळा, दुसरं काय!

एका सकाळी हर्सूलची पाळी होती. माझ्या हातात चहाचा कप, साहेब शेजारी उभे. माउसला कुणाचाच हात नव्हता, तरी स्क्रीनवरचा बाण चालायला लागला. हर्सूलचा व्हॉल्व्ह बंद झाला. मुकुंदवाडीचा उघडला. मग तो बाण सावकाश क्लोरीनच्या आकड्यापाशी गेला. त्या पाण्यावर अख्खं शहर जगत होतं, दवाखान्यांतली माणसं, दुधाच्या बाटल्यांतली बाळं. मी कप तसाच सोडला आणि मागची नेटची वायर उपटली. बाण थांबला. नंतर नोंद बघितली तर आत शिरलेला माणूस आपल्या देशातला नव्हताच. साहेबांनीही ती वाचली आणि रुमालानं मान पुसली.

वायर निघाली तसा माझाही हुकूम व्हॉल्व्हपर्यंत जाईना. आता तो हातानंच बंद करायला हवा होता, म्हणून मी त्या भागाचे व्हॉल्व्ह सांभाळणाऱ्या लाईनमनला फोन केला. पन्नाशीचा, कमी बोलणारा माणूस. मुकुंदवाडीतच, विहाराच्या मागच्या गल्लीत राहायचा. तो सायकल काढून धावला.

"लई गंजलाय ताई, चावी फिरंना," तो धापा टाकत सांगत होता.

व्हॉल्व्ह बंद होईपर्यंत दोन्ही भागांची टाकी रिकामी झाली. मुकुंदवाडीत पिंपं, बादल्या, पातेली, तांबेसुद्धा भरले. हर्सूलला थेंब नाही.

आणि मग आयत्या बिळावर नागोबा आला. त्या भागात एक भावी नगरसेवक होते. दुसऱ्याच दिवशी चौकात फ्लेक्स: 'दादांच्या पाठपुराव्याला यश!' वर गॉगल लावलेले दादा हात जोडून. खाली 'विशेष आभार' म्हणून चेंबरवर वाकून चावी फिरवणारा आमचा लाईनमन. कुणीतरी मोबाइलवर त्याचा फोटो काढला होता. तो बिचारा बंद करत होता, पण फोटोत उघडणारा आणि बंद करणारा सारखाच दिसतो. तोच फोटो घेऊन हर्सूलचे लोक मोर्चानं आले आणि स्वतःच्या वस्तीला पाणी पळवलं म्हणून संध्याकाळच्या आत लाईनमन निलंबित झाला.

मी साहेबांना म्हटलं, "तुम्ही डोळ्यांनी पाहिलंय. लिहून द्या."

"परदेशातून घुसले असं लिहिलं की दिल्लीहून माणसं येतील. पहिलं काय विचारतील? पासवर्ड कुणाकुणाला दिला होता! लाईनमनचं प्रकरण इथल्या इथं मिटतं."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. ह्याच माणसानं स्वातंत्र्यदिनाला देशाच्या सुरक्षेवर आम्हाला उन्हात उभं करून भाषण ठोकलं होतं. चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि वर चहा घेणार का म्हणून विचारतात! मी वरपर्यंत अर्ज केला. चौकशीत साहेब म्हणाले, आपण काही पाहिलं नाही; ती नोंदही तोवर कॉम्प्युटरवरून गेली होती. कंत्राटी बाईपुढं साहेबाचा शब्द खरा ठरला.

मग मी दादांकडं गेले. म्हटलं, "एवढंच सांगा, की त्या पाण्यासाठी तुम्ही काहीच केलं नव्हतं."

ते मनापासून हसले. "ताई, तेवढं सोडून काहीबी सांगतो बघा. इलेक्शन तोंडावर हाय."

शेवटी लाईनमनच्या गल्लीत गेले. निदान ही माणसं तरी साक्ष देतील, अशी आशा होती. तिथं तर एक म्हातारी माझ्यावरच उखडली. "आमच्यापायी त्या माणसानं नोकरी घालवली, आन् तू म्हनती पानी त्यानं सोडलंच नाय? असं बोलू नगं. लई मोठ्या मनाचा हाय त्यो." सगळ्या गल्लीनं माना डोलावल्या. त्याचा निरपराधपणा त्यांना त्याचा अपमान वाटत होता. आभार मानून मानून त्यांनी त्याला पुरता अडकवला, आणि रागवायचं तर कुणावर, हेच मला कळेना.

त्याची नोकरी परत मिळाली नाही. पासवर्डही बदलला नाही, कारण बदलला तर सगळ्यांना पुन्हा फोन करावे लागले असते. मी मात्र ते काम सोडलं.

पुढच्या उन्हाळ्यात आमच्या अपार्टमेंटला पाण्याचा टँकर आला, तर स्टिअरिंगवर तोच लाईनमन. पाइप लावता लावता मी त्याला विचारलं, त्या परदेशातल्या माणसाचा राग येतो का.

"त्याचा राग कशाचा, ताई?" तो म्हणाला. "त्याला तर माझं तोंडबी ठाव नाय. साहेब माझ्या पोरीच्या लग्नात जेवून गेलेत."